आगर ते नगर : ठाणे खाडीकाठच्या आगरी समाजाची वाटचाल

कळवा, विटावा, खारेगाव, पारसिक, मुंब्रा, दिवा आणि खाडीपलीकडच्या भिवंडी तालुक्यातील कशेळी, काल्हेर ही गावे आज लोहमार्ग, महामार्ग आणि उंच इमारतींच्या गर्दीत वसलेली दिसतात. या गावांची मूळ घडण मात्र खाडीच्या भरती-ओहोटीशी बांधलेली आहे. ती घडण ज्या हातांनी केली, त्यांत कोळी बांधवांच्या बरोबरीने आगरी समाजाचे हात होते. खाऱ्या चिखलातून शेती उभी करणारा, उन्हात मिठाच्या राशी रचणारा आणि पुढे जमिनीच्या हक्कासाठी देशाला दिशा देणारे लढे लढणारा हा समाज आहे. त्याच्या अनेक शतकांच्या वाटचालीचा हा आलेख.

नाव आणि त्याचा अर्थ

आगरी हे नाव 'आगर' या शब्दावरून आले. कोकणात आगर म्हणजे पिकाची जागा. समुद्राच्या पाण्यापासून मीठ पिकते ते मिठागर आणि नारळी-पोफळी पिकते तेही आगरच. जो आगर राखतो, पिकवतो तो आगरी. जुन्या नोंदींमध्ये मीठ पिकवणाऱ्यांना मीठ-आगरी म्हटलेले आढळते; भातशेती करणाऱ्यांची संख्याही मोठी होती. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने या समाजाची, त्याच्या शेतीची आणि मीठ-व्यवसायाची दखल घेतली आहे. राजा, प्रांत किंवा मूळपुरुष यांच्यावरून नाव घेण्याऐवजी आपल्या कामावरून ओळखला जाणारा हा समाज आहे आणि ही ओळख त्याने अभिमानाने मिरवली आहे.

समाजाच्या मौखिक परंपरेत स्थलांतराची एक आख्यायिकाही आहे. बिंब राजाबरोबर मुंगी-पैठणहून पूर्वज कोकणात उतरले आणि खाडीकाठी स्थिरावले, असे ती सांगते. अशा आठवणी जगातील अनेक लोकसमूहांनी जपल्या आहेत. आज सर्वत्र ॲझ्टेक म्हणून ओळखले जाणारे मेक्सिकोतील लोकही आपले पूर्वज अझ्तलान नावाच्या दूरच्या स्थळाहून आल्याचे सांगत. अझ्तलानचा माणूस तो ॲझ्टेक. ते स्वतःला मात्र मेशिका म्हणवत. आपल्या दैवतानेच जुने नाव सोडून हे नवे नाव धारण करण्याची आज्ञा केली, असे त्यांच्या बखरी सांगतात. 'ॲझ्टेक' हे नाव जगभर रूढ झाले ते फार पुढे, एकोणिसाव्या शतकात. १८१० च्या सुमारास हुम्बोल्ट या जर्मन विद्वानाने आणि १८४३ साली प्रेस्कॉट या अमेरिकी इतिहासकाराने ते ग्रंथांतून वापरले. तोवर त्या लोकांचे राज्य लयाला जाऊन सुमारे तीन शतके उलटली होती.

मेशिका आणि आगरी यांच्यातील खरे साम्य पाण्याशी झालेल्या व्यवहारात आहे. मेशिकांनी १३२५ च्या सुमारास तेस्कोको सरोवरातील बेटावर तेनोच्तित्लान हे नगर वसवले. उथळ पाण्यात गाळ आणि वनस्पतींचे थर रचून त्यांनी चिनांपा नावाची शेते उभी केली. या सरोवराच्या पूर्वेकडील पाणी खारट होते. पुरांपासून नगर वाचवण्यासाठी आणि खारे पाणी गोड्या पाण्यापासून वेगळे ठेवण्यासाठी १४४९ च्या सुमारास नेसावालकोयोत्ल या राजाच्या देखरेखीखाली सुमारे १६ किलोमीटर लांबीचा बांध घालण्यात आला. खारे पाणी बाहेर आणि गोडे पाणी आत ठेवण्याचे हेच शास्त्र पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ठाणे, पनवेल, पेण, अलिबागच्या खाड्यांवर आगरी शेतकऱ्याने आपल्या अनुभवातून सिद्ध केले. तिकडे राजाज्ञा होती. इकडे गावकी होती.

बांध : समाजाची पहिली संस्था

आगरी समाजाने उभारलेली पहिली संस्था म्हणजे खारबांध. तिला घटना नव्हती, कार्यालय नव्हते, नोंदवही नव्हती; तरीही तिचे नियम सर्वांना ठाऊक होते आणि ते मोडणाऱ्याला गावात तोंड दाखवणे कठीण होई.

खाडीलगतची जमीन मुळात खाजण. दर उधाणाला तिच्यावर पाणी चढते आणि मीठ मागे ठेवून उतरते. अशी जमीन लागवडीखाली आणायची तर प्रथम तिच्या समुद्राकडील बाजूला उंच, रुंद बांध घालावा लागतो. हे काम भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरतीचा जोर कमी असताना केले जाई. खाडीतील घट्ट चिखलाचे तुकडे कापून माणसांच्या रांगेतून हातोहात पुढे दिले जात. त्यांचे थर रचून, पायांनी तुडवून, बाहेरच्या अंगाला दगड लावून बांध उभा राही. स्त्रिया, पुरुष, अर्धवट वयाची मुले, सारे त्या रांगेत उभे राहत. पुढील उधाण येण्याआधी काम ठरावीक उंचीपर्यंत पोचलेच पाहिजे, नाहीतर सारे श्रम पाण्यात.

बांधात ठिकठिकाणी उघाडी बसवलेली असे. उघाडी म्हणजे पाण्याची वाट राखणारे दार. ओहोटीला आतील पावसाचे पाणी या दाराला बाहेर ढकलते आणि स्वतः खाडीत निघून जाते. भरती येऊ लागली की खाडीचे पाणी तेच दार बाहेरून दाबून बंद करते. कोणी उघडायचे नाही, कोणी लावायचे नाही. खाडीच्याच शक्तीने खाडीला अडवणारी ही साधी युक्ती आगरी कारागिरीचा उत्तम नमुना आहे. फळी कुजली, गाळ साचला किंवा ओंडका अडकला, तर मात्र एका रात्रीत सारे शेत खारे होई. म्हणून उघाडीवर नजर ठेवणे हे जबाबदारीचे काम मानले जाई.

बांध बांधून झाला तरी शेत लगेच पिकत नसे. दोन-तीन पावसाळे जमिनीतील मीठ धुऊन निघावे लागे. त्यानंतरही येथे एकच हंगाम, पावसाळी भाताचा. पहिल्या पावसाने वरचा खार उतरला की मोड आणलेले भाताचे बियाणे, म्हणजे रहू, चिखलात फेकले जाई. खार सोसणाऱ्या रता जातीच्या तांबड्या भाताची लागवड पिढ्यान्पिढ्या चालत आली. या भाताची भाकरी आणि खाडीतील निवट्या, कोळंबी, खेकडे, जिताडा यांचे कालवण हा आगरी घरातील रोजचा आहार याच जमिनीने दिला.

खेकड्यांनी पाडलेल्या भोकांतून पाणी झिरपू लागते, भोक मोठे होते आणि उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडते. खांड कोणाच्या शेतासमोर पडली याला अर्थ नसे. एका जागी आत शिरलेले पाणी साऱ्यांची शेते बुडवत असे. म्हणून खांड पडल्याची हाक आली की प्रत्येक घरातून माणूस निघालाच पाहिजे, असा दंडक होता. सामुदायिक श्रमातून बांध राखण्याच्या या पद्धतीला खारेपाटात, म्हणजे खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, जोळ म्हणतात. जोळाने समाजाला एक धडा दिला, तो असा की खाडीकाठी एकट्याचे शेत असूच शकत नाही. पुढील प्रत्येक लढ्यात समाज याच धड्यावर उभा राहिला.

कौल, शिलोत्री आणि मिठाचा कायदा

१७३७ साली ठाणे मराठ्यांकडे आले आणि वसईच्या मोहिमेनंतर हा सारा टापू मराठी अमलाखाली आला. खाजण लागवडीखाली आणणाऱ्याला काही वर्षे सारामाफी आणि त्यानंतर चढत्या क्रमाने आकारणी, अशा अटींवर कौल दिले जात. काही ठिकाणी धनवान व्यक्ती बांधाचा खर्च करून त्याच्या दुरुस्तीची हमी घेत आणि त्या बदल्यात कुळांकडून धान्याचा ठरावीक हिस्सा वसूल करत. हे शिलोत्रीदार आणि अशा जमिनी शिलोत्री जमिनी. या पद्धतीने पेण, अलिबाग, पनवेल भागात मोठे क्षेत्र लागवडीखाली आले.

ब्रिटिश अमलात शिलोत्रीदार, गावचा सारा वसूल करणारे खोत आणि सावकार यांची पकड घट्ट होत गेली. बांध घालणारा हात आगऱ्याचा, पण जमिनीच्या कागदावरील नाव दुसऱ्याचे, अशी स्थिती सर्वत्र दिसू लागली. पिकाचा निम्मा भाग खंडात जाई. शिवाय निरनिराळ्या निमित्ताने जादा वसुली आणि वेठ होतीच. लग्नासाठी किंवा आजारपणासाठी काढलेले कर्ज पुढच्या पिढीकडे वारशाने येई.

मिठाच्या बाबतीतही तसेच घडले. मिठावरील सरकारी नियंत्रण एकोणिसाव्या शतकात कडक झाले. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने मिठाचे उत्पादन, साठवण आणि वाहतूक परवान्याच्या चौकटीत आणली. ज्याने आपल्या नावात आगर धारण केले होते, तोच आगरात मजूर ठरला. जानेवारी ते मे या काळात उन्हातान्हात, अनवाणी पायांनी खाऱ्या पाण्यात उभे राहून मीठ ओढणारा हा कामगार मीठ खात्याच्या शिपायाच्या नजरेखाली राबत होता.

याच काळात कळव्याच्या दारातून नवे युग गेले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी रेल्वे धावली आणि १ मे १८५४ रोजी ती खाडी ओलांडून कल्याणपर्यंत पोचली. लोहमार्गाने कळवा-मुंब्रा परिसर मुंबईला जोडला. १९१६ साली खुल्या झालेल्या, सुमारे १.३ किलोमीटर लांबीच्या पारसिक बोगद्याने हे अंतर आणखी कमी केले. शेती आणि मीठ यांच्या जोडीला वीटभट्टी, गलबतावरील हमाली आणि खाडीत डुबी मारून रेती काढणे असे नवे व्यवसाय सुरू झाले. बादली घेऊन खाडीच्या तळाशी जाणारा आणि श्वास रोखून रेती भरणारा डुबीवाला या काळातील कष्टाळू जीवनाचे प्रतीक होता.

लढ्याची वर्षे

१९३० हे वर्ष समाजाच्या इतिहासात ठळकपणे नोंदले गेले. मिठाच्या सत्याग्रहाने देश ढवळून निघाला असताना, मीठ हेच ज्यांचे जगणे होते त्या उरण-पनवेल भागातील जनतेने मागे राहणे शक्यच नव्हते. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाला. अक्कादेवीच्या माळावर जमलेल्या आगरी, कातकरी आणि अन्य समाजांतील सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि आठ जण हुतात्मा झाले. चिरनेर येथील हुतात्मा स्मारकावर आजही दरवर्षी त्यांना मानवंदना दिली जाते.

त्यानंतर तीनच वर्षांनी अलिबाग तालुक्यातील चरी येथे शेतकऱ्यांचा ऐतिहासिक संप सुरू झाला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या सभेत, खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत, असा निर्धार करण्यात आला. चरीसह २५ गावांतील कुळांनी त्यात भाग घेतला. पेरणीचा हंगाम आला आणि गेला. शेते पडीक राहिली. घरात दाणा नव्हता. लोकांनी डोंगरातून लाकूडफाटा आणून विकला, खाडीतील मासळीवर दिवस काढले, पण खोताच्या शेतात पाय ठेवला नाही. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चरी येथे येऊन शेतकऱ्यांना पाठिंबा दिला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा कायदेमंडळावर धडकला. शेतकऱ्यांची बाजू जनतेपुढे मांडण्यासाठी नारायण नागू पाटील यांनी १९३७ साली 'कृषीवल' हे पत्र सुरू केले.

१९३९ साली तत्कालीन महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी या भागाला भेट दिली आणि कुळांना संरक्षण देणारा कायदा त्याच वर्षी संमत झाला. सुमारे सहा वर्षे चाललेला हा संप भारतातील सर्वाधिक काळ चाललेल्या शेतकरी संपांपैकी एक मानला जातो. खांड बुजवताना प्रत्येक घरातून एक माणूस, हा जोळाचा दंडकच या संपामागे होता. एका जरी गावाने फुटून खोताशी स्वतंत्र तडजोड केली असती, तर सारा बांध वाहून गेला असता.

कायद्याचे बळ

स्वातंत्र्यानंतर या लढ्यांना फळ आले. १९४८ चा कूळ कायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन या टप्प्यांतून कसणाऱ्या हातांना जमिनीची मालकी मिळू लागली. सातबारावर स्वतःचे नाव पाहण्याचा आनंद अनेक वृद्ध शेतकऱ्यांच्या वाट्याला आला.

मालकी बदलली तशी बांधाची जबाबदारीही बदलली. खोत आणि शिलोत्रीदार बाजूला झाल्यावर मोठ्या दुरुस्त्यांचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न उभा राहिला. १९४८ च्या खारभूमी कायद्याने शासनाने या कामात पुढाकार घेतला आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमाने खारबंदिस्तीची योजनाबद्ध कामे हाती घेण्यात आली. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने पारंपरिक रता भाताच्या जोडीला खार सोसणाऱ्या सुधारित जाती दिल्या. पनवेल या नावानेच त्या शेतकऱ्यांपर्यंत पोचल्या. पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवाला शास्त्राची जोड मिळाली. याचबरोबर शासनाची यंत्रणा आल्यावर काही गावांत जोळ शिथिल झाला आणि खांडी वेळेवर बुजवल्या गेल्या नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. अशा ठिकाणी पिकाऊ शेतांत पुन्हा खारफुटी उगवली.

नगराची चाहूल आणि जमिनीचा प्रश्न

१९६० नंतर ठाणे-बेलापूर रस्त्यालगत औद्योगिक पट्टा उभा राहू लागला. कळव्याच्या परिसरात मुकंद, सीमेन्स यांसारखे मोठे कारखाने आले. शेतकऱ्यांची मुले प्रथमच पाळीवर जाऊ लागली. महिन्याच्या पगाराने घरात स्थैर्य आले, शिक्षणाला चालना मिळाली. पण कारखाने ज्या जमिनीवर उभे राहिले, ती शेते याच गावांची होती.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले. ऐरोली, घणसोलीपासून उरणपर्यंतची आगरी गावे त्यात आली. शतकानुशतके समुद्राकडून मिळवलेली जमीन अल्प मोबदल्यात जाऊ लागली. या अन्यायाविरुद्ध लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. जासई येथे १९२६ साली जन्मलेले दि. बा. पाटील शेतकरी कामगार पक्षाचे नेते, पनवेलचे आमदार आणि पुढे खासदार झाले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-उरण भागात दास्तान फाटा व नवघर फाटा येथे झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले.

या बलिदानातून प्रकल्पग्रस्तांच्या हक्काचा एक नवा विचार रुजला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत मिळावी, हे तत्त्व पुढील दशकात शासनाच्या धोरणात आले. जमीन देणारा विकासात भागीदार असला पाहिजे, ही मागणी उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी देशाला दिली. चरीच्या कुळांनी कसणाऱ्याचा हक्क मांडला. जासईच्या शेतकऱ्यांनी देणाऱ्याचा हक्क मांडला.

याच काळात कळव्याचे नागरी रूप पालटले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका अस्तित्वात आली आणि कळव्यासह लगतची गावे तिच्या हद्दीत आली. ग्रामपंचायतीची जागा प्रभागाने घेतली. पुढे कळव्यात महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय उभे राहिले आणि १९९२ साली राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ज्या गावांत डॉक्टरसाठी खाडी ओलांडून ठाण्याला जावे लागे, तेथेच डॉक्टर घडू लागले.

बोली, संस्कार आणि साहित्य

नगरात सामावताना समाजाने आपली संस्कृती सोडली नाही. आगरी लग्नातील धवलारीण हा या संस्कृतीचा मानबिंदू. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीला धवले गाणारी ही ज्येष्ठ स्त्री मंडपात पुरोहिताच्या मानाने वावरते. तिच्याकडे लिखित पोथी नसते. आजीकडून, सासूकडून कानांनी घेतलेली शेकडो कडवी तिच्या तोंडी असतात आणि विधी चुकला तर ती मंडपातच थांबवून दुरुस्त करून घेते. स्त्रीला असा धार्मिक अधिकार देणारी ही परंपरा आगरी समाजाची मोठी सांस्कृतिक ठेव आहे.

कार्ल्याची एकवीरा, गावोगावची गावदेवी आणि पंढरीचा विठ्ठल या श्रद्धास्थानांनी समाज एकत्र ठेवला. वारकरी कीर्तनकारांनी गावोगाव हरिनाम सप्ताह रुजवले, व्यसनमुक्तीचा आणि शिक्षणाचा आग्रह धरला. ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे यांचे नाव या संदर्भात आदराने घेतले जाते; डोंबिवलीच्या क्रीडा संकुलाला त्यांचेच नाव देण्यात आले आहे.

आगरी बोलीचा प्रवासही लक्षणीय आहे. दादूस, बय अशा संबोधनांनी नटलेली, ठसकेबाज, थेट बोलणारी ही बोली एकेकाळी शाळेत मुलांना दडवावी लागे. तीच बोली पुढे कविता, लोकगीते, नाटके आणि चित्रफितींतून महाराष्ट्रभर पोचली. आगरी साहित्य संमेलने भरू लागली. डोंबिवलीत आगरी युथ फोरमने आगरी महोत्सवाची परंपरा निर्माण केली. या वाटचालीतील शिखर ३ ते ५ फेब्रुवारी २०१७ या दिवसांत गाठले गेले. डोंबिवली येथे पु. भा. भावे साहित्यनगरीत भरलेल्या ९० व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची यजमान संस्था आगरी युथ फोरम होती. अक्षयकुमार काळे यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या या संमेलनात साऱ्या मराठी साहित्यविश्वाचे स्वागत आगरी समाजाच्या संस्थेने केले. नेरूळ येथे उभारलेले आगरी-कोळी संस्कृती भवनही या सांस्कृतिक आत्मविश्वासाची साक्ष देते.

आजचे स्थान आणि पुढील जबाबदारी

आज आगरी समाजात शेतकरी आहेत तसे डॉक्टर, अभियंते, वकील, शिक्षक, उद्योजक, लोकप्रतिनिधी आणि कलावंत आहेत. शासनाच्या इतर मागासवर्गीय यादीत समाविष्ट असलेल्या या समाजाने शिक्षणाच्या बळावर मोठी मजल मारली. १० जून २०२१ रोजी नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, या मागणीसाठी समाजाने मानवी साखळी उभारली आणि २०२२ साली राज्याच्या विधिमंडळाने तसा ठराव केला. चिखलाचे तुकडे हातोहात देणाऱ्या रांगेची शिस्त त्या साखळीतही दिसली.

अडचणी संपलेल्या नाहीत. शेती आक्रसली आहे. मिठागरे मोजकीच उरली आहेत. गावठाणांच्या हद्दी, घरांचे नियमितीकरण, रखडलेले भूखंड हे प्रश्न अनेक कुटुंबांना आजही कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायला लावतात. जमिनीचा पैसा आला तसा उधळपट्टीचा धोकाही आला आणि लग्नसमारंभातील खर्चाला आळा घालण्याचे ठराव गावोगाव करावे लागले. समाजातील जाणत्यांनी हे प्रश्न झाकले नाहीत. सभांतून उघडपणे मांडले.

सर्वांत मोठा प्रश्न खाडीचा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई-ठाणे परिसर जलमय झाला. पाण्याच्या वाटा आणि खाजणे भराव घालून बुजवल्याचे परिणाम तेव्हा सर्वांनी अनुभवले. मेक्सिकोतही हेच घडले. १५२१ साली तेनोच्तित्लानचा पाडाव झाल्यावर जुने बांध उपेक्षित झाले, नगराला पुन्हा पुन्हा पुरांनी ग्रासले आणि नव्या राज्यकर्त्यांनी शतकानुशतके खर्चून सरोवरच आटवले. त्या तळावर वसलेले मेक्सिको शहर आज खचत आहे. शोचिमिल्को येथे उरलेल्या चिनांपांना मात्र १९८७ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली आणि तेथे आजही भाजीपाला पिकतो.

ठाणे खाडीच्या बाबतीतही जागृतीची पावले पडली आहेत. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीला प्रतिबंध केला. २०१५ साली ठाणे खाडीतील सुमारे १६९० हेक्टर क्षेत्र रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. या खाडीचे पाणी कोठे चढते, कोठे साचते, उधाण कोणत्या तिथीला येते आणि गाळ कोठे बसतो याचे ज्ञान आगरी आणि कोळी घरांतील वडीलधाऱ्यांकडे आहे. नगरनियोजनात या ज्ञानाला स्थान मिळणे शहराच्याच हिताचे आहे. उघाडीचे शास्त्र, रता भाताचे बियाणे, मिठागरातील कामाची परिभाषा आणि धवलारणींच्या तोंडची गीते यांचे पद्धतशीर संकलन हे नव्या पिढीपुढील काम आहे. समाजातील तरुण संशोधक, शिक्षक आणि कवी ते करू लागले आहेत.

या वाटचालीचे श्रेय कोणा एका पुढाऱ्याचे नाही. नाव नोंदले न गेलेले बांधकरी, मिठागरातील मजूर, रेती काढणारे डुबीवाले, सहा वर्षे उपाशी राहून संप टिकवणाऱ्या चरीच्या माता, चिरनेर आणि जासईचे हुतात्मे, सप्ताह चालवणारे वारकरी, मंडपात धवले गाणाऱ्या आया-बहिणी आणि बोलीला पुस्तकात आणणारे लेखक या साऱ्यांनी मिळून हा समाज घडवला. जमीन गेली तरी समाज टिकला, कारण त्याची बांधणी जमिनीच्या तुकड्यावर नव्हती. एकमेकांसाठी राबण्याच्या दंडकावर होती. हा दंडक नगराच्या गल्ल्यांत, गृहसंकुलांत आणि सभागृहांत चालू ठेवण्याचे सामर्थ्य आगरी समाजाकडे आहे आणि ठाणे खाडीकाठच्या महानगराला त्याची आज पूर्वीपेक्षा अधिक गरज आहे.